पोस्टरमधले पाय

गेल्या वर्षी पावसाळा ओसरल्यावर मी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गेले होते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठावरच्या या बाजारात भाजीपाला संपतो तिथून पुढे पितळी दिवे, किल्ल्या हरवलेली कुलपे आणि जुनी मासिके एकाच ताडपत्रीवर मांडलेली असतात. तिथल्या एका विक्रेत्याने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालून सिनेमाच्या जुन्या पोस्टरची गुंडाळी काढून दिली आणि खालचा भाग फाटलेला असल्यामुळे स्वतःहूनच किंमत कमी केली. सिनेमाचे नाव, कलावंतांची नावे आणि टॉकीजची पट्टी हे सारे त्या फाटक्या भागाबरोबर गेले आहे. तरी तो साहसपट होता याविषयी शंका घ्यायला जागा नाही. वर पेटलेले आकाश आहे, डावीकडे उधळलेला घोडा आहे, उजवीकडे बुरूज ढासळतो आहे, आणि मधोमध कड्याच्या टोकावर एक पुरुष तलवार उगारून उभा आहे. त्याचा सदरा फाटून छाती उघडी पडली आहे आणि एका स्त्रीने त्याच्या कमरेला मिठी घातली आहे. तिचे केस मोकळे आहेत, डोके त्याच्या बरगडीशी टेकलेले आहे आणि नजर वर, त्याच्या चेहऱ्याकडे लागलेली आहे. ती गुडघ्यांपर्यंत दिसते आणि तिथे कागद संपतो. पुरुषाचा उजवा पाय मात्र, अनवाणी आणि खडकावर पुढे रोवलेला, फाटण्यातून कसाबसा वाचला आहे.

घरी आल्यावर मी ते पोस्टर जेवणाच्या टेबलावर पसरले, चारही कोपऱ्यांवर स्टीलचे डबे ठेवले आणि बराच वेळ पाहत बसले. जन्मभर पोस्टरे पाहिली, पण नेहमी चेहरे पाहिले. पायांकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्या स्त्रीचे पाय कागदाबरोबर गेले, पण कागद शाबूत असता तरी ते कसे दिसले असते, याचा मी अंदाज बांधू लागले आणि मला ती कुठेच उभी राहिलेली दिसेना. तिचे सारे वजन त्या पुरुषाच्या कमरेवर आहे. तो बाजूला सरकला तर ती पडेल, अशाच रीतीने चित्रकाराने तिला रंगवले आहे. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली होती आणि मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हे वाक्य तिच्या तोंडी इतक्या वेळा येई, की त्यातल्या 'पाय' या शब्दाला काही अर्थ असतो हे मी विसरूनच गेले होते. त्या संध्याकाळी तो शब्द मला पुन्हा ऐकू आला, आणि पुढचे काही महिने मी जुन्या साहसपटांची जी जी पोस्टरे मिळाली, ती ती पायांकडून वर अशी पाहिली.

माझे बालपण नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टर्समध्ये गेले. सरकारी तिकिटे आणि मुद्रांक छापणारा तो छापखाना १९२५ सालापासून तिथे आहे, आणि माझे वडील तिथे छपाईच्या कामावर होते. त्यामुळे आमच्या घरी कोणताही छापील कागद, मग तो लग्नपत्रिकेचा असो की साबणाच्या वेष्टनाचा, आधी उजेडाकडे धरला जाई. बसने नाशकात जाताना भिंतींवर खळीने चिकटवलेली पोस्टरे लागत, आणि बाबा थांबून सांगत, "हे बघ, लाल रंग एक सूत सरकलाय, म्हणून नटीचे ओठ गालावर गेलेत." ते चेहऱ्याबद्दल काही बोलत नसत, रंग कसे एकमेकांवर बसले आहेत तेवढेच पाहत. त्यांचे एक भिंग होते, चामड्याच्या पाकिटातले, आणि मला आणि दादाला ते हाताळायची परवानगी फक्त रविवारी असे.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. पोस्टरमधल्या नायकासारखे पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून तो आईच्या कपाटाच्या आरशासमोर उभा राहायचा. मीही राहायचे. क्वार्टर्सच्या मागच्या मैदानात आम्ही मुलेमुली 'सिनेमा' खेळत असू तेव्हा नायकाला मिठी मारणारी स्त्री व्हायला कोणीच तयार नसे, मुलगेही नाहीत आणि मुलीही नाहीत, आणि शेवटी जो सर्वांत लहान असेल त्याच्यावर ते काम ढकलले जाई. हे मला आज फार महत्त्वाचे वाटते. ते चित्र आम्हाला नैसर्गिक वाटले असते तर कोणीतरी ते आपणहून उचलले असते. आम्हा सर्वांना तलवार हवी होती आणि पायाखाली खडक हवा होता.

परदेशी साहसपटांची पोस्टरे मी मोठेपणी पुस्तकांतून पाहिली. १९३३ सालच्या 'किंग काँग'मध्ये महाकाय वानराच्या मुठीत एक स्त्री आहे आणि तिचे पाय हवेत आहेत. १९५४ सालच्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मध्ये पाण्यातल्या विचित्र प्राण्याच्या हातांवर एक स्त्री आहे. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये एका यंत्रमानवाने शुद्ध हरपलेल्या तरुणीला आडवे उचलून धरले आहे, तिचे डोके मागे झुकले आहे आणि पावले लोंबत आहेत. या शेवटच्या पोस्टरविषयी कळले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले, कारण प्रत्यक्ष सिनेमात तो यंत्रमानव त्या तरुणीला असे उचलून नेतच नाही. तो सालस आहे, आज्ञाधारक आहे, आणि ज्याला तो हातांवर उचलून आणतो तो एक जखमी पुरुष आहे. पोस्टरने त्या पुरुषाला पुसून टाकले आणि त्याच्या जागी स्त्री ठेवली. पुरुषाचे पाय हवेत लोंबत असलेले चित्र तिकीटबारीवर चालणार नाही, असे कोणाला तरी वाटले असावे.

'फॉरबिडन प्लॅनेट'चे हे पोस्टर पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते मला अनोळखी वाटले नाही, आणि याचे कारण नाशिकमध्येच आहे. आम्ही ज्या गावात वाढलो तिथे उचलून नेलेल्या स्त्रीची गोष्ट दगडांत आणि वाटांत आहे. पंचवटीत सीतागुंफा आहे, तिच्या अरुंद तोंडातून वाकून आत जाताना आई माझा हात घट्ट धरायची. आणि इगतपुरीकडे सर्वतीर्थ टाकेदला जटायू पडला अशी श्रद्धा आहे. राजा रविवर्म्याने जटायुवधाचे चित्र काढले आहे. त्यात रावणाने एका हाताने सीतेला धरले आहे, दुसऱ्या हातात खड्ग आहे, आणि सीतेने चेहरा झाकून घेतला आहे. त्या काळच्या घराघरांत रविवर्म्याची चित्रे शिळाछापाने पोहोचली होती, आणि त्या छपाईच्या कामात काही काळ हात काळे करणारा एक माणूस आमच्या त्र्यंबकेश्वरचा होता. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मले, सिनेमाकडे वळण्याआधी त्यांचा स्वतःचा छापखाना होता, आणि १९४४ साली नाशकातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. भारतीय सिनेमा आणि भारतीय पोस्टर ही दोन भावंडे छपाईच्या एकाच दगडावर वाढली, असे मला वाटते, आणि म्हणून सीतेला उचलणारा रावण आणि तरुणीला उचलणारा यंत्रमानव यांच्यात मला दिसणारे साम्य केवळ माझ्या मनाचे नसावे.

फरक मात्र मोठा आहे. रामायणात हरण हा एक प्रसंग आहे. त्याच्या आधी आणि नंतर सीता बोलते, नकार देते, रावणाच्या नगरीत बसून रावणालाच धुडकावते. पोस्टरला आधी-नंतर नसते. एका कागदावर एकच क्षण मावतो आणि तो निवडणारा माणूस पुन्हा पुन्हा हरणाचाच क्षण निवडतो.

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात, १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, तारामती झाले होते अण्णा साळुंके, जे त्याआधी एका खाणावळीत स्वयंपाकाचे काम करत. चार वर्षांनी आलेल्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पाय तेच, पायघोळ वस्त्रे वेगळी. उभे कसे राहायचे, मान कशी झुकवायची, नजर कुठे ठेवायची हे सारे शिकता येते, आणि एकच माणूस दोन्ही शिकू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रपट-पोस्टर म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ सालच्या मूकपटाचे आहे. बाबूराव स्वतः चित्रकार होते आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः करत. कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे: कल्याणचा खजिना लुटून आणला जातो, त्याच्याबरोबर सुभेदाराची सूनही आणली जाते, आणि शिवाजी महाराज तिला मानाने परत पाठवतात. महाराजांच्या थोरवीची ही गोष्ट मी लहानपणापासून भरल्या गळ्याने ऐकत आले आहे आणि आजही तिचा परिणाम माझ्यावर होतो. तरीही आता तिच्यात मला आणखी एक गोष्ट दिसते, की ती स्त्री त्या दरबारात खजिन्याबरोबर आली आहे, स्वतः चालत आलेली नाही. आणि तिला परत पाठवणे ही थोरवी ठरते, कारण तिला ठेवून घेणे हा त्या काळच्या लढाईचा रिवाज होता. साहसकथेत स्त्रीची जागा नेमकी कुठे असते हे त्या गोष्टीला ठाऊक होते, आणि निदान तिने ती जागा नाकारली. पुढच्या किती साहसपटांनी तेवढे तरी केले?

बाबांशी मी या विषयावर शेवटच्या आजारपणाच्या आधी एकदा बोलले होते, आणि त्यांनी छपाईवाल्याच्या बाजूने उत्तर दिले होते. भिंतीवरचे पोस्टर सायकलवरून जाणाऱ्याला चार-पाच सेकंद दिसते, तेवढ्यात त्याला कळले पाहिजे की मारामारी आहे, प्रेम आहे, संकट आहे. म्हणून चित्रकार त्रिकोण करतो, वरच्या टोकाला एक ताठ आकृती आणि खाली तिला टेकलेली वाकलेली आकृती, म्हणजे नजर वर चढते आणि नावावर येऊन थांबते. शिवाय पोस्टर करणाऱ्याला पुष्कळदा सिनेमा दाखवतही नसत, काही फोटो हातात देत आणि मुदत सांगत. हे सारे खरे आहे. परंतु त्रिकोणाला वर ताठ आकृती हवी असते, ती पुरुषाची हवी असा भूमितीचा नियम नाही, हे मी त्यांना म्हटले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नियम नाही, सवय आहे. एकदा ठसा पडला की पुढचा कागद त्याच ठशावर बसतो."

ही सवय किती जबर आहे हे १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या प्रसिद्ध पोस्टरवरून कळते. टॉम जंग या चित्रकाराने काढलेल्या त्या चित्रात तरुण नायक प्रकाशाची तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर उगारून उभा आहे, अंगरखा उघडा आहे आणि आत पहिलवानाची छाती आहे. खाली राजकन्या हातात पिस्तूल घेऊन आहे खरी, पण तिचा एक पाय झग्याच्या फटीतून मांडीपर्यंत बाहेर आलेला आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की ती राजकन्या गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढऱ्या वस्त्रात झाकलेली असते, सोडवायला आलेल्या पुरुषांच्या हातून बंदूक घेऊन तीच सुटकेची वाट काढते, आणि तो नायक शेतावर वाढलेला एक सडपातळ पोरगा असतो. पोस्टरने तिच्याविषयी जितके खोटे सांगितले तितकेच त्याच्याविषयीही सांगितले. तिची वस्त्रे काढून घेतली आणि त्याला स्नायू चढवले. या चित्राकडे मी वारंवार परत जाते, कारण स्त्रीवरचा अन्याय आणि पुरुषावरची सक्ती या दोन गोष्टी एकाच कुंचल्याने होतात हे मला तिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

पायांची माझी कसोटी सगळीकडे लागू पडते असे नाही. १९५८ सालच्या 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन'चे रेनॉल्ड ब्राउन यांनी काढलेले पोस्टर घ्या. त्यात एक महाकाय स्त्री हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी आहे आणि खेळण्यासारख्या मोटारी उचलते आहे. इतकी भक्कम उभी असलेली स्त्री जुन्या पोस्टरांत क्वचित सापडेल. परंतु ती संकट म्हणून उभी आहे, खाली माणसे पळत आहेत. आणि असा प्रसंग त्या सिनेमात नाहीच. सिनेमा नवऱ्याने फसवलेल्या एका स्त्रीचा आहे, तिचे दुःख पोस्टरवर कुठेही नाही. किंवा १९६६ सालच्या 'वन मिलियन इयर्स बी.सी.'मधली रॅकेल वेल्च, कातड्याच्या तोकड्या वस्त्रात, दोन्ही पायांवर ताठ उभी, जगभर भिंतींवर लागलेली. तिला सिनेमात बोलायला जेमतेम तीन वाक्ये होती. जमीन दिली, पण त्या जमिनीवर करायला काही दिले नाही.

म्हणून मला नादियाकडे यावेसे वाटते, आणि तिच्याविषयी लिहिताना माझा हात आखडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला १९०८ साली जन्मलेली मेरी इव्हान्स, मुंबईत वाडिया बंधूंच्या चित्रसंस्थेत आली आणि १९३५ साली 'हंटरवाली' झाली. चित्रपट विकत घ्यायला वितरक धजावेनात, तेव्हा वाडियांनी तो स्वतःच प्रदर्शित केला आणि तो अफाट चालला. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या रेल्वेच्या टपावर लढत होती. तिच्या प्रसिद्धीच्या छायाचित्रांत ती आखूड विजार, उंच बूट आणि हातात चाबूक अशा वेशात पाय फाकवून उभी राहते, आणि नजर कोणा पुरुषाकडे वळलेली नसते. तिच्या एका गाजलेल्या छायाचित्रात तिने एका धडधाकट पुरुषाला उचलून डोक्यावर तोलले आहे. मी ते चित्र पायांकडून वर पाहिले: तिचे दोन्ही पाय जमिनीवर, आणि त्याचे हवेत. 'फॉरबिडन प्लॅनेट'च्या वीस वर्षे आधी आमच्याकडे ते चित्र उलटे छापून झाले होते.

हे मुंबईच्या प्रेक्षकाला, आणि नाशिकसारख्या गावातल्या तंबूतल्या प्रेक्षकालाही, पचले कसे, असा प्रश्न पडतो. ती गोरी, निळ्या डोळ्यांची, परकी होती म्हणून तिला ही मोकळीक मिळाली, आपल्या घरातल्या मुलीला मिळाली नसती, असे म्हणता येते आणि ते बरेचसे खरे आहे. परंतु मला सप्तशृंगीची आठवण होते. दरवर्षी चैत्रात आमच्याकडची माणसे वणीच्या गडावर जातात. कड्यात कोरलेली, २०२२ सालापर्यंत शेंदराने माखलेली, अठरा हातांत शस्त्रे घेतलेली ती देवी उभी आहे. तिची मान किंचित कललेली आहे, कारण समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी जे वाचत होते ते ती ऐकते आहे, असे सांगतात. महिषासुराला मारणारी आणि कान देऊन ऐकणारी अशी एकच मूर्ती लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला हंटरवाली परकी का वाटावी? मला तर उलटे वाटले होते. पोस्टरमधली कमरेला लोंबणारी बाईच मला परकी वाटली होती, आणि तिची सवय व्हायला काही वर्षे लागली.

ती सवय नंतरच्या हिंदी पोस्टरांनी पक्की केली. सत्तरच्या दशकात पुरुषाच्या चेहऱ्यावर चित्रकार सुरीने रंगाचे जाड थर देऊ लागले, लाल, निळे, हिरवे, जणू राग आतून कातडीला फोडतो आहे. आणि त्याच कागदावर नायिकेचा चेहरा गुळगुळीत, गुलाबी, एकही ओरखडा नसलेला. काळ पुरुषाच्या अंगावरून जात होता, स्त्रीला तो स्पर्शही करत नव्हता. 'शोले'ची जी पोस्टरे माझ्या पाहण्यात आली त्यांत पुरुष आणि बंदुका पुढे आहेत, बाया मागे. आणि तरी सिनेमा पाहून घरी आल्यावर माझ्या डोळ्यांपुढे राहिले ते फुटलेल्या काचांवर नाचणारे बसंतीचे रक्ताळलेले पाय. बांधलेला, हतबल, दुसऱ्याच्या पायांवर जीव टांगलेला त्या प्रसंगात पुरुष आहे. ते दृश्य भिंतीवर लागलेले मी पाहिले नाही.

इथवर मी स्त्रीच्या बाजूनेच बोलत आले, पण ते फाटके पोस्टर टेबलावर असताना मला जास्त आठवत राहिला तो दादा. पुरुषाला पोस्टरने खडक दिला, तलवार दिली, आणि त्याबदल्यात त्याला एकाच मुद्रेत थिजवले. तो घाबरलेला, दमलेला, विचार करणारा किंवा मागे फिरणारा असू शकत नाही. साठच्या दशकात दारासिंगच्या साहसपटांची लाट आली, 'किंग काँग', 'फौलाद', 'सॅमसन', आणि वर्षानुवर्षे आखाड्यात घाम गाळून कमावलेले त्याचे शरीर हे कोणत्याही सामान्य पोराचे माप होऊन बसले. दादाच्या खोलीतही तसले एक चित्र होते.

एका ऑगस्टात, दादा सोळा वर्षांचा असताना, गंगेला मोठा पूर आला. आमच्याकडे पूर मोजायची पट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा बातम्या शहरभर फिरतात आणि माणसे बघायला जातात. होळकर पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या मारणारी पोरे तेव्हाही होती. मी मैत्रिणींबरोबर काठावर उभी होते आणि मला पुलाच्या कठड्यावर दादा दिसला. तो कठड्यावर चढला आणि अगदी आरशासमोर राहायचा तसा उभा राहिला, पाय फाकवून, छाती काढून. खालून शिट्ट्या वाजल्या. त्याच्या आधी दोघांनी उड्या मारल्या होत्या आणि पुढे काठाला लागले होते. दादा उभाच राहिला. मला वाटते दोन-तीन मिनिटे झाली असतील, आणि इतक्या लांबूनही मला त्याच्या पोटऱ्या थरथरताना दिसल्या. मग तो हळूच खाली बसला, पाठमोरा वळला, एक पाय मागे सोडून पूल चाचपला, दुसरा सोडला आणि उतरला. त्याच्या मित्रांनी त्याला बांगड्या भरायला सांगितले. मला ते पाणी ओलांडून ऐकू आले नव्हते, पण दुसऱ्या दिवसापासून क्वार्टर्समधली पोरे तो शब्द उघड म्हणू लागली, आणि कित्येक आठवडे दादा संध्याकाळी मैदानावर आला नाही. ज्या बांगड्या आई रोज हातात घालून घर चालवत होती, त्या त्याला शिवी म्हणून दिल्या जात होत्या. बाबांना कोणीतरी सांगितले असावे. एका रात्री जेवताना, पानातून मान वर न करता, ते म्हणाले, "उतरलास ते बरं केलंस." दादाने उत्तर दिले नाही. तो पुढे इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, संसार केला, पण त्या दिवसाचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही, आणि खोलीतले ते चित्र कोणी काढून टाकले हेही मला कळले नाही.

यंदाच्या दिवाळीत भाऊबीजेला तो आला. ओवाळून झाल्यावर चहा घेताना त्याचे लक्ष बैठकीच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोस्टरकडे गेले. तो जवळ जाऊन, चष्मा कपाळावर सरकवून, बराच वेळ वाकून पाहत राहिला. मी त्याला स्त्रीच्या पायांविषयी सांगायला लागले, माझे सगळे म्हणणे मांडू लागले, आणि त्याने हात वर करून मला थांबवले.

"अगं, ती असू दे. हा इथून उतरणार कसा?"

"खालचा भाग फाटलाय, दादा."

"फाटला नसता तरी. कड्याचं टोक आहे हे. मागे बुरूज पडतोय. याला जायला जागाच ठेवली नाहीये." मग थोडे थांबून तो म्हणाला, "बाबांचं भिंग आहे का गं तुझ्याकडे?"

मी कपाटातून चामड्याचे पाकीट आणून दिले. त्याने भिंग त्या वाचलेल्या उजव्या पायावर धरले, मग मला बोलावले आणि माझ्या हातात दिले. मी पाहिले. वर छाती निधडी होती, तलवार उगारलेली होती, चेहऱ्यावर भीतीची एक रेघ नव्हती; आणि खाली, जिथे रंगांचे ठिपके एकमेकांवर नीट बसले नव्हते आणि करडा रंग एक सूत सरकला होता, तिथे त्या अनवाणी पायाची पाचही बोटे आत आवळलेली होती आणि अंगठ्याने खडकाची कड घट्ट धरून ठेवली होती.